खालचा घाट

जरा जपून. तुम्ही पाय ठेवलाय तिथे शेवाळ आहे, आणि त्या एवढ्याशा जागेवर मी भल्याभल्यांना आपटलेलं पाहिलंय. इकडेतिकडे काय बघताय? मीच बोलतोय, तुमच्या पायाखालचा हा काँक्रीटचा उतार. न्यू जर्सीतल्या या रस्त्यापासून निघतो आणि सरळ डेलावेअर नदीत शिरतो, तो मी. होड्या पाण्यात सोडायच्या आणि पाण्यातून बाहेर काढायच्या, एवढंच माझं काम. सरकारी कागदात मला नाव नाही, नंबर आहे. इथले लोक मला रॅम्प म्हणतात. पण एका सांगलीच्या माणसाने मला एकदा 'घाट' म्हटलं आणि मला ते असं काही आवडलं, की तेव्हापासून मी मनातल्या मनात स्वतःला घाटच म्हणवून घेतो.

ती पाटी वाचलीत ना? एकतीस ऑक्टोबरपासून मी बंद. तेव्हा जे बोलायचं ते आजच बोलून घेतो. घाई असली तरी थोडं ऐका.

माझा जन्म १९७८चा. मला काठावरच ओतलं. सळयांच्या जाळीवर काँक्रीट पसरलं आणि ते ओलं असतानाच त्यावर आडव्या खाचा पाडल्या, म्हणजे गाड्यांची चाकं घसरू नयेत. काही दिवस मी तसाच काठावर पडून घट्ट होत गेलो. मग एक बुलडोझर आला आणि त्याने मला मागून रेटत रेटत पाण्यात ढकललं. त्या दिवशी माझं अर्धं अंग पाण्याखाली गेलं, ते आजतागायत तिथेच आहे. त्यामुळे मी ना धड काठाचा, ना धड नदीचा. मला चालता येत नाही आणि वाहताही येत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत पडून राहायचं.

पण बघायला मिळालं भरपूर. माणसं कशी असतात हे कळायला त्यांना गाडीमागचा होडीचा ट्रेलर मागे घेताना बघावं. घरी अगदी गोडीगुलाबीने राहणारी जोडपी माझ्यावर येऊन अशी भांडतात, की पलीकडच्या पेनसिल्व्हेनियाच्या काठावरचे गळ टाकून बसलेले लोक माना वळवून बघतात. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि ट्रेलर मात्र स्वतःच्या मर्जीने तिसरीकडेच चाललाय. एकदा एकाने होडी न सोडता आख्खी गाडीच पाण्यात सोडली. एप्रिलमध्ये माझ्या शेजारी तरंगता धक्का आणून जोडतात, नोव्हेंबरमध्ये काढून नेतात. थंडीत मी एकटाच. कडेला बर्फ साचतो, खाली पाणी चालू असतं.

आता माझा पत्ता नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. माझ्यापासून चार मैल वर नदीच्या याच काठावर आणखी एक रॅम्प आहे. वल्हवणारे लोक तिथे होडी सोडतात, दोन बेटांना वळसे घालत, एका खडकाळ उथळ पट्टीवरून खाली येतात, आणि ते समोर दिसतंय त्या वळणावरून बाहेर पडून माझ्याकडे उतरतात. उतरायलाच लागतं. कारण माझ्याखाली दोन मैलांवर दगडांचा जुना बुटका बांध आहे. दोन्ही काठांकडून भिंती आल्यात आणि मधे फट ठेवलीय. सगळी नदी त्या फटीतून घुसते. तिथे साधी होडी गेली की उलटलीच म्हणून समजा. म्हणून माझ्या शेंड्यावर ती मोठी पिवळी पाटी आहे: पुढे बांध, इथेच बाहेर पडा. त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

मनोहर पहिल्यांदा माझ्याकडे आला १९९३च्या जुलैत. वेस्ट विंडसरला राहायचा, एका औषध कंपनीत केमिकल इंजिनियर होता. मूळ सांगलीचा. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती बघत वाढलेला, त्यामुळे पाणी दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने कुणाकडून तरी अॅल्युमिनियमची जुनी कनू, म्हणजे वल्हवायची लांबोडकी हलकी होडी, विकत घेतली होती आणि बरोबर मित्र होता दिगंबर, तोही इंजिनियर.

नदीवर जायचं तर एक अडचण असते, ती तुमच्या लक्षात आली असेल. नदी एकाच बाजूला वाहते. वरून खाली आलात, की गाडी राहते वर. म्हणून दोन गाड्या लागतात. आधी एक गाडी खाली माझ्याजवळ आणून ठेवायची, मग दुसऱ्या गाडीने होडी घेऊन वर जायचं. त्या दोघांनी हे सगळं कागदावर आकृती काढून ठरवलं होतं. सकाळी दिगंबरची गाडी माझ्या पार्किंगमध्ये लागली. दुपारी दोघं वळणावरून गाणी म्हणत आले, होडी वर ओढली, आणि मनोहर म्हणाला,

"दिग्या, किल्ली काढ."

दिगंबरने ओल्या चड्डीचे दोन्ही खिसे चाचपले. मग त्याचा चेहरा पडला.

"किल्ली त्या पँटमध्ये राहिली, यार."

"आणि पँट?"

"पँट वरच्या गाडीत. तूच म्हणालास ना, चेंज करून घे म्हणून!"

दोन गाड्या, दोन किल्ल्या, आणि दोन्ही किल्ल्या चार मैल वर. दोघं ओलेचिंब माझ्यावर उभे. शेवटी अनवाणी रस्त्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन मनोहरने घरी फोन केला. तासाभराने एक निळी गाडी आली. तिच्यातून सुवर्णा उतरली, मनोहरची बायको, आणि मागच्या सीटवर सात वर्षांची मुलगी, रेणू. सुवर्णाने दोघांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दोघं इंजिनियर ना?" एवढंच म्हणाली ती.

दिगंबर खाली मान घालून गाडीत बसला. मनोहर मात्र विषय बदलावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा खालचा घाट मस्त आहे गं. पाय अजिबात सरकत नाही." त्याच क्षणी तो सरकला. सुवर्णा इतकी हसली, इतकी हसली, की तिला गाडीला टेकून उभं राहावं लागलं. मी तिला तेव्हाच ओळखून ठेवलं.

त्या दिवसापासून ठरून गेलं. गाडी सुवर्णा चालवणार. तिने मनोहरला होडीसकट वर सोडायचं, काठाकाठाच्या रस्त्याने बारा मिनिटांत माझ्यापाशी यायचं आणि थांबायचं. त्याला नदीने यायला दोन तास लागत. एप्रिल ते ऑक्टोबर, पाणी बरं असेल तो प्रत्येक रविवार. तीस वर्षं.

तुम्ही म्हणाल, ती होडीत का नाही बसली? रेणूनेही दहा-अकरा वर्षांची असताना तेच विचारलं होतं. "आई, why don't you just go with Baba? It's so boring here."

सुवर्णा तेव्हा खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "मी सहा वर्षांची होते तेव्हा पुण्यात पानशेतचं धरण फुटलं. आम्ही नारायण पेठेत राहायचो. आईने मला काखेत उचललं आणि धावत सुटली. मागे वळून पाहिलं तर आमच्या दारात पाणी होतं. संध्याकाळी दारही नव्हतं. मला पाणी काठावरून आवडतं बाळा. काठावरूनच."

"But this is a nice river," रेणू म्हणाली.

"असेल. मी कुठे नाही म्हणतेय?"

खरंच तिने कधी नदीला नावं ठेवली नाहीत. उलट दरवर्षी एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी ती माझ्या कडेला बसून पाण्याला हळदकुंकू वाहायची आणि दोन बोटं माझ्याही कपाळावर टेकवायची. कपाळ म्हणजे काय, जिथे पाणी लागतं तिथे. एकदा पार्कच्या माणसाने येऊन तिला विचारलं, की तुम्ही इथे काही खुणा करताय का. ती म्हणाली, "फक्त हॅलो म्हणतेय." तो बिचारा नदीकडे बघून निघून गेला.

बाकीचा वेळ ती वाचायची, विणायची, थर्मासमधला चहा प्यायची. पण दीड तास झाला की पुस्तक मिटायचं. मग ती उठून माझ्या वरच्या टोकाला, त्या सिकमोरच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची आणि वळणाकडे बघत राहायची. मीही बघायचो. वळणावर आधी वल्ह्याचं पातं चमकायचं, मग होडीचं नाक दिसायचं. ते दिसलं की तिचे खांदे खाली यायचे. तीस वर्षं दर वेळी नवी काळजी असल्यासारखी ती उभी राहिली आणि तीस वर्षं तिच्याबरोबर माझाही जीव टांगणीला लागत गेला. सवयच लागली म्हणा ना.

मनोहर होडी वर ओढता ओढता बोलायला सुरुवात करायचा. पाणी किती आहे, पहिल्या बेटाच्या कोणत्या अंगाने आलो, दुसऱ्यावर गरुडाचं घरटं कुठवर आलंय, खडकाळ पट्टीवर होडी कशी घासली. सुवर्णा एका हाताने होडीचं टोक धरून ऐकायची. एकदा म्हणाली, "मला ही नदी तुमच्याकडूनच माहीत." मला वाटलं, ही माझ्याच मनातलं बोलली. मी सत्तेचाळीस वर्षं नदीत पाय सोडून पडलोय, पण त्या वळणापलीकडे काय आहे ते मी कधीच पाहिलेलं नाही. जे माहीत आहे ते मनोहरने सांगितलेलं.

वर्षं गेली. रेणू डॉक्टर होऊन टेक्ससला शुगर लँडला गेली. दिगंबर रिटायर होऊन फ्लॉरिडाला गेला. २००४, पाच आणि सहा, अशी लागोपाठ तीन वर्षं महापूर आले. माझ्या खालच्या लाद्या उचकटल्या, त्या पुन्हा बसवल्या. मग २०२१च्या पुराने माझ्या तोंडापुढे गोट्यांचा ढीग आणून टाकला. तो काढायला कुणी आलं नाही. मोटरबोटी तळाला घासायला लागल्या, त्यांनी येणं सोडलं. खाली बांधापलीकडे नवीन मोठा रॅम्प बांधायचं ठरलं, लाइट, संडास, चाळीस ट्रेलरांचं पार्किंग. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हलकी कनू अजून माझ्याकडे सुखाने लागत होती, आणि मला त्या एका होडीशीच मतलब उरला होता.

मनोहरचं काहीतरी बिनसतंय हे मला बोलण्यावरून कळायला लागलं. आधी तो गरुडाचं घरटं दोनदा सांगायचा. मग बेटांचा क्रम चुकायला लागला. सुवर्णा हळूच सुधारायची, "आधी लांबडं बेट ना?" आणि तो म्हणायचा, "हो हो, तेच म्हणतोय." कुणाला ती काही बोलली नाही. आपण बोललो नाही तर ते खरं होणार नाही, असं माणसांना वाटतं. मलाही वाटत होतं.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा तो सप्टेंबरातला रविवार.

वळणावर वल्हं चमकलं. सुवर्णा झाडाखालून दोन पावलं खाली आली. होडी छान सरळ येत होती. मनोहरने आमच्याकडे पाहिलं. अगदी रोखून पाहिलं. मग त्याने वल्हं मांडीवर ठेवलं, हात वर केला आणि हसून हलवला. काठावरच्या अनोळखी माणसाला होडीतला माणूस हलवतो ना, तसा. आणि तो पुढे गेला.

"अहो! अहो, इकडे! मनोहर!" सुवर्णाने जन्मात पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली असेल. चपलांसकट गुडघाभर पाण्यात उतरली, तीही पहिल्यांदाच. त्याने पुन्हा एकदा हात हलवला. पाठ दिसायला लागली आणि लहान होत गेली. पुढे दोन मैलांवर तो बांध. माझी ती पिवळी पाटी त्याच्या नाकासमोरून गेली आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

नशीब, की अर्ल तिथे होता. गळाने मासे धरणारा म्हातारा, गोट्यांना शिव्या देत आपली छोटी मोटरबोट ट्रेलरवर चढवत होता. "माय हजबंड," सुवर्णा म्हणाली आणि नुसतं बोट दाखवलं. अर्लने ट्रेलरवरची बोट परत पाण्यात लोटली आणि गेला.

चाळीस मिनिटांनी तो मनोहरची कनू मागे बांधून घेऊन आला. मनोहर त्याच्या बोटीत बसून त्याला पाण्याची उंची समजावून सांगत होता. उतरल्यावर सुवर्णाला म्हणाला, "तू इथे होतीस? मला वाटलं, कुणी दुसरीच बाई आहे." तिने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. अर्ल टोपी काढून तिला म्हणाला, "मॅडम, त्यांना आता एकट्याला सोडू नका." ती म्हणाली, "नाही सोडणार." गाडीत बसल्यावर बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. एक ऑक्टोबर गेला. एक आख्खा हंगाम गेला. एप्रिलमध्ये कुणी हळदकुंकू वाहिलं नाही. खरं सांगतो, मला त्यांची इतकी आठवण यायची, की रविवारी दुपारी रस्त्यावर निळी गाडी दिसली तरी मी आत कुठेतरी सावरून बसायचो. बाकीच्या कनू यायच्या. मी त्यांना उतरवून घ्यायचो, काम ते काम. पण वळणावर वल्हं चमकलं की वाटायचं, आला. आणि जवळ आल्यावर दुसराच कुणी असायचा.

यंदा सप्टेंबरात मला बंद करायची पाटी लागली, आणि त्याच आठवड्यात सुवर्णा आली. बरोबर त्यांच्या शेजारचा यतीन होता, नागपूरचा, आयटीतला तिशीचा पोरगा. हा स्वतः कयाक, म्हणजे एकट्याची निमुळती होडी चालवतो, मी त्याला ओळखत होतो. सुवर्णा पाटीसमोर उभी राहून शेवटपर्यंत वाचत होती. मग म्हणाली,

"नोव्हेंबरात आम्ही शुगर लँडला चाललो, यतीन. रेणूकडे. कायमचं. घराला गिऱ्हाईक मिळालंय."

"हो काकू, हिमानी सांगत होती." हिमानी म्हणजे त्याची बायको.

"मला त्यांना एकदा नदीवरून आणायचंय. वरून इथपर्यंत. तू मदत करशील का?"

"काकू, काका एकटे कसे जातील?"

"एकटे कुठे? मी बसणारेय होडीत."

"तुम्ही? काकू, तुम्हाला तर स्विमिंग पण येत नाही, यार... सॉरी."

"लाइफ जॅकेट घालेन. तू तुझ्या कयाकमधून जवळ राहा. पाणी कमी असेल असाच दिवस बघू."

त्याने तिथूनच रेणूला फोन लावला, स्पीकरवर. रेणूचा आवाज माझ्यावरून खडखडत गेला. "आई, are you serious? त्या दिवशी काय झालं ते विसरलीस? बाबा गेले असते! आणि तू पाण्याला घाबरतेस, तू त्यांना काय सांभाळणार?"

सुवर्णा शांतपणे म्हणाली, "रेणू, ते मला पहिल्यांदा विसरले ते इथे. त्यानंतर दोन वर्षांत घरात किती वेळा विसरले ते मी मोजत नाही. कधी मी रेणू असते, कधी सांगलीची आत्या असते. ते चालतं मला. पण त्या दिवसाआधी इथे ते मला कधी विसरायचे नाहीत गं. मला एकदा बघायचंय, ते इथे वळतात की पुढे जातात. पुढे गेले तर यतीन अडवेल. आणि वळले तर ते घेऊन मी टेक्ससला येईन. मग तू म्हणशील तसं."

मग रेणू रडक्या आवाजात म्हणाली, "जॅकेटचे सगळे पट्टे लाव. मधला पण."

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सुवर्णाने आपली गाडी आणून झाडाखाली लावली. किल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली. मग यतीनच्या गाडीत बसून तिघं वर गेली, टपावर कनू आणि कयाक.

आणि माझ्यावर कुणीच उरलं नाही.

तीस वर्षांत हे असं कधी झालं नव्हतं. ती थांबायची आणि मी तिच्याबरोबर थांबायचो. आज एकट्याने थांबायचं होतं. पहिला तास मी गोटे मोजले. सिकमोरची पानं पडत होती, ती पाण्याने माझ्यावरून ओढून नेली. दीड तास झाला तेव्हा नेहमी खुर्चीची करकर व्हायची, ती झाली नाही. त्या बाईने एवढी वर्षं काय सोसलं ते मला त्या दिवशी कळलं. आपण नुसतं पडून असतो, दगडासारखे, आणि तरी दमतो. दोन तास झाले. अडीच झाले. नको नको ते मनात आलं. खडकाळ पट्टीवर होडी आडवी झाली असेल. ती घाबरून उभी राहिली असेल. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

मग वळणावर वल्हं चमकलं.

पुढे सुवर्णा बसली होती. लाल जॅकेट, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, दोन्ही हात होडीच्या कडांवर. बोटं पांढरी पडलेली मला इतक्या लांबून दिसली. मागे मनोहर. त्याचे हात मात्र काही विसरले नव्हते. वल्हं पूर्वीसारखंच सुरेख पडत होतं. आणि त्यांच्याखालच्या बाजूला, वीसेक फुटांवर, यतीन कयाक आडवी धरून तयारीत होता.

मी पहिल्यांदाच तिला पाण्याच्या बाजूने येताना पाहत होतो.

होडी मधल्या धारेत होती. जवळ आली. यतीनने तोंड उघडलं, "काका, इथे..." सुवर्णाने त्याच्याकडे न बघता एक हात वर केला. तो गप्प बसला. सांगायचं नाही, असं ठरलं असावं. ती स्वतःही माझ्याकडे बघत नव्हती, समोर बांधाच्या दिशेला बघत होती. मनोहरने पिवळ्या पाटीकडे पाहिलं. पाहिलं आणि वल्हवत राहिला. होडीचं नाक माझ्या समोर आलं. मग माझ्या समोरून पुढे सरकायला लागलं. यतीनने कयाक पुढे घातली.

तेवढ्यात मनोहरने वल्हं पाण्यात उभं रोवून धरलं. होडी गर्रकन फिरली. दोन दणकट फटके, गोट्यांना वळसा, आणि अॅल्युमिनियम खर्रकन माझ्या अंगावर चढलं. त्या आवाजासाठी मी दोन वर्षं जीव धरून होतो.

सुवर्णाने डोळे मिटले आणि मोठ्याने श्वास सोडला.

मनोहर घोटाभर पाण्यात उतरला, होडी धरली आणि मान वर करून झाडाकडे पाहिलं. मग पार्किंगकडे. मग पुन्हा झाडाकडे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सुवर्णा कुठे गेली?" तो यतीनला म्हणाला. "गाडी तर आहे. ती नेहमी तिथे उभी असते."

यतीन काकूंकडे बघायला लागला. मनोहरनेही होडीत बसलेल्या तिच्याकडे पाहिलं, पाहुण्या बाईकडे बघावं तसं, आणि अदबीने म्हणाला, "तुम्ही बसा हं जरा. माझी मिसेस येईलच इतक्यात. ती अशी कधी जात नाही. दोन-दोन तास थांबते हो माझ्यासाठी."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं तर काय दिसलं असतं कोण जाणे. मला चेहरा नाही ते बरं.

सुवर्णाने कडा धरून एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. मी जमेल तेवढा घट्ट राहिलो. शेवाळाची जागा तिला माहीत होती, ती चुकवून ती चालायला लागली. ओले पाय, जॅकेट तसंच अंगावर. माझ्या खाचांतून एकेक पाऊल टाकत वर गेली. झाडाखाली पोचल्यावर पाठ करून उभी राहिली, ओढणीने चेहरा पुसला, जॅकेटचे पट्टे एकेक करून सोडले आणि ते खाली ठेवलं.

मग ती वळली.

"अहो," तिने वरून हाक दिली, "किती वेळ लावलात! मी आपली बघतेय बघतेय."

मनोहरचा सगळा चेहरा उजळला. "अगं, होतीस कुठे तू?" असं म्हणत तो होडी तिथेच टाकून माझ्यावरून वर चढायला लागला, जवळजवळ धावतच. यतीनने होडी धरली.

"इथेच तर होते," ती म्हणाली.

ते परवा टेक्ससला गेले असं यतीन सांगत होता. ठरल्यापेक्षा आधीच. कनू त्याच्याकडे ठेवलीय. तिकडे घराजवळ नदी आहे का, ते मी त्याला विचारू शकलो नाही.

माझं काही नाही. साखळी लावतील, गोटे साचत जातील, दोनचार वर्षांत खाचांमधून गवत येईल. पण तुम्ही आता वर जाऊन तुमची होडी सोडाल ना, तुमचं माणूस खाली माझ्याकडे येऊन थांबलेलं असेल. वळणावरून बाहेर पडलात, की आधी त्याला हात करा. आणि मग माझ्याकडे वळा. मी वाट बघतोय.